वाफ आणि खरकटे

भांडी घासण्याचे यंत्र आपल्याकडे अडते ते कढईपाशी. ताटे, वाट्या, पेले यंत्रात स्वच्छ निघतात, हे एव्हाना बहुतेकांना पटले आहे. पण भरल्या वांग्याची, पिठल्याची किंवा तळणीची कढई आत टाकून निर्धास्त व्हावे, यावर कुणाचा चटकन विश्वास बसत नाही. २०२०च्या टाळेबंदीत कामाला येणाऱ्या मावशींची ये-जा थांबली आणि देशभर डिशवॉशरची मागणी एकाएकी वाढली. त्यानंतर ही वस्तू निव्वळ चैनीची राहिली नाही आणि सांगलीजवळच्या कुपवाडसारख्या कामगारवस्तीच्या, औद्योगिक वसाहतीच्या गावातही तिची चौकशी होऊ लागली. कढईची शंका कंपन्यांनी नेमकी हेरली आहे. बॉशने भारतासाठी खास कढईचा प्रोग्रॅम दिला, एलजीने आपल्या यंत्रातल्या वाफेला ‘ट्रूस्टीम’ असे नाव दिले. घेणाऱ्यापुढे मग साधाच प्रश्न उरतो: वाफेचे यंत्र घ्यावे की बिनवाफेचे? वाफेने भांडी खरोखर अधिक स्वच्छ होतात का? माझे उत्तर असे की वाफ खरकटे मऊ करते, ते काढत नाही. आणि आपल्या स्वयंपाकाचे डाग व आपल्याकडचे पाणी पाहता त्या मऊ करण्यासाठी जास्तीचे पैसे मोजावेत असे फारसे काही त्यात नाही.

भांडे स्वच्छ कशाने होते, इथून सुरुवात करू. हेन्केल या जर्मन कंपनीतले रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिन्नर यांनी १९६०च्या सुमारास याची एक सोपी मांडणी केली. कोणत्याही धुण्यात चार वाटेकरी असतात: रसायन, तापमान, यांत्रिक बळ आणि वेळ. एकाचा वाटा घटला तर उरलेल्यांनी तो भरून काढायचा. आपल्या आज्या-पणज्यांना ही मांडणी कुणी सांगितली नव्हती, पण त्यांचे घासणे तिच्यात तंतोतंत बसते. चुलीची राख म्हणजे फुकटचे अल्कली. तिच्यातले पोटॅशियम कार्बोनेट तेलकटपणा सोडवते आणि तिचा खरखरीतपणा घासायला उपयोगी पडतो. जोडीला नारळाची शेंडी आणि मनगटाचा जोर. पाणी थंडगार, वेळ जेमतेम दोन मिनिटे, आणि तरी पितळी पातेले लख्ख. तापमान आणि वेळ यांचा तुटवडा तिथे मनगट भरून काढत होते. यंत्रात नेमके मनगट नाही. यंत्र भांड्याला स्पर्शच करत नाही. अमेरिकेतल्या जोसेफिन कॉक्रेन यांना १८८६च्या डिसेंबरात ज्या यंत्राचे पेटंट मिळाले, त्यात भांडी तारांच्या कप्प्यांत जागच्या जागी बसवून त्यांच्यावर दाबाने पाणी सोडले जाई. विवेकानंदांच्या भाषणामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या १८९३च्या शिकागोत, तिथल्या जागतिक प्रदर्शनात, ते यंत्र लोकांनी पाहिले. आजचे डिशवॉशरही मुळात तेच करते. पंप तीन-चार लिटर पाणी फिरत्या हातांतून पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारत राहतो. घासणीची जागा फवाऱ्याने घेतली. पण फवारा घासणीइतका जोरकस नाही, म्हणून यंत्र पाणी साठ-सत्तर अंशांपर्यंत तापवते, हाताला सोसणार नाही इतके तीव्र अल्कली वापरते आणि दीड-दोन तास घेते. वाफेचा प्रश्न या हिशेबात नीट मांडता येतो: गेलेल्या मनगटाची भरपाई वाफ करते का?

वाफ म्हटले की डोळ्यांपुढे इस्त्रीवाल्याच्या किंवा गाड्या धुणाऱ्याच्या हातातली सूं-सूं करणारी नळी येते. त्या नळीत दाब असतो आणि वाफेचा झोत मळावर आपटतो. घरगुती डिशवॉशरमध्ये असे काही होत नाही. तिथे एका छोट्या पेटीत पाणी उकळते आणि वाफ बंद कप्प्यात पसरते. तिला धक्का असा नाहीच. तिच्यापाशी एकच भांडवल आहे, ते म्हणजे उष्णता. आणि ती मात्र भरपूर. एक ग्रॅम पाणी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत न्यायला ७० कॅलरी लागतात, पण त्याच पाण्याची वाफ करायला आणखी ५४०. थंड भांड्यावर वाफ निवते तेव्हा या ५४० कॅलरी ती भांड्याला देऊन टाकते. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट असतो तो यामुळेच. आता थोडा हिशेब करू. समजा यंत्रात ८ किलो स्टीलची भांडी आहेत. स्टील तापायला हलके. दर ग्रॅमला दर अंशामागे ०.१२ कॅलरी पुरते. ही सगळी भांडी ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत नेण्यास सुमारे ६७,००० कॅलरी लागतील. म्हणजेच सुमारे १२५ ग्रॅम वाफ त्यांच्यावर निवली की काम झाले. यापुढे भांडी वाफेइतकीच गरम असतात आणि गरम पृष्ठभागावर वाफ निवत नाही. याचा अर्थ, वाफेने भांड्यांवर जमू शकणारे सगळे पाणी मिळून अर्धे-पाऊण फुलपात्र. ताट-वाट्या-पातेल्यांचे आतून-बाहेरून मिळून ३ चौरस मीटर क्षेत्र धरले तर या पाण्याचा थर ०.०४ मिलिमीटर, केसाच्या जाडीहून कमी. हाही आदर्श हिशेब झाला. प्रत्यक्षात बरीचशी वाफ यंत्राच्या भिंतींवर निवते आणि आत कोंडलेली हवा वाफेला भांड्यापर्यंत सहज पोचू देत नाही.

केसाहून पातळ थराने खरकटे वाहून जाईल कसे? ते जात नाही. पण ते ओले होते, गरम होते, आणि हे काही कमी नाही. वाफेच्या बाजूचा सगळ्यात सबळ मुद्दा इथेच आहे, तो झटकून टाकता येणार नाही. आपल्याकडे यंत्र दिवसातून एकदा, बहुधा रात्री लावले जाते. सकाळच्या पोह्यांची ताटली, दुपारच्या आमटीभाताचे ताट, भाकरीचे पीठ मळलेली परात हे सारे रात्रीपर्यंत खडखडीत वाळते. भात, पोहे, ज्वारीचे पीठ यांत मुख्यतः पिष्ट असते. शिजलेले पिष्ट वाळले की भांड्याला खळीसारखे चिकटते, आणि पुन्हा फुगायला त्याला दोनच गोष्टी लागतात: ओलावा आणि वेळ. ऊब असली तर काम लवकर होते. वाफ ओलावा आणि ऊब दोन्ही देते, शिवाय फवारा जिथे पोचत नाही त्या कोपऱ्यातही पोचते. वायूला सावली नसते. पण गंमत अशी की वाफ जिथे एकटी पोचते तिथे ती निरुपयोगी ठरते. डब्याच्या तळाच्या खाचेत किंवा एकमेकींत अडकलेल्या दोन वाट्यांच्या मधे चिकटलेले पीठ वाफेने मऊ झाले, तरी ते तिथून हलवायला पुढे फवाराच यावा लागतो. तो तिथे येणार नसेल तर मऊ झालेले पीठ यंत्राच्या शेवटच्या तापात पुन्हा वाळून बसते. आणि फवारा जिथे येतोच, तिथे तो स्वतःही भिजवण्याचे काम करतो. यंत्राच्या सुरुवातीची कोमट विसळणी आणि मधला थांबा मिळून पिष्ट पुरेसे फुगते. ज्याला भिजवण्याची इतकी निकड वाटते त्याने जेवण झाल्यावर लगेच विसळून-थांबण्याचा छोटा प्रोग्रॅम लावावा. तो बिनवाफेच्या बऱ्याच यंत्रांत असतो.

विजेचा मुद्दा यात फारसा मोठा नाही. सव्वाशे ग्रॅम वाफ करायला ०.०९ युनिट लागते, रुपयाच्या आतबाहेर. तेवढ्याच विजेत ३ लिटर पाणी २५ अंशांनी तापते, ही गोष्ट मात्र ध्यानात घ्यावी. ते पाणी तापलेले असते, वाहते असते आणि त्यात पावडर विरघळलेली असते. वाफेत पावडर विरघळत नाही. सिन्नरच्या चार वाटेकऱ्यांपैकी वाफ एकाचाच, तापमानाचा, वाटा वाढवते, आणि तोही थोड्या वेळापुरता. तीच वीज पाण्यात घातली तर तापमान, रसायन आणि यांत्रिक बळ तिघे एकत्र कामाला लागतात.

शिवाय खरकट्याचे सगळे प्रकार उष्णतेला वश होतात असेही नाही. काही उलटे चिवट होतात. दुधाचे पातेले घ्या. दुधातली प्रथिने सत्तर अंशांच्या पुढे गोठू लागतात. कडेला धरलेली साय आणि बुडाला लागलेली खरवड ही त्याच गोठण्याची रूपे. अंड्याचे तेच. न विसळलेल्या दुधाच्या पातेल्यावर आधीच शंभर अंशांची वाफ सोडली तर आतला पातळ थर सुटण्याऐवजी बसण्याचीच शक्यता जास्त. दूध-प्रक्रियेतल्या लोकांना हे कधीचे ठाऊक आहे. सांगली जिल्ह्याला दुग्धव्यवसाय नवा नाही. भिलवडीत चितळ्यांची डेअरी १९३९पासून आहे. डेअरीतल्या नळ्या आणि टाक्या जागच्या जागी धुण्याची जगभर जी रीत रूढ आहे, तिच्यात आधी साध्या किंवा कोमट पाण्याने दूध धुवून काढतात. त्यानंतर सत्तर-ऐंशी अंशांचे कॉस्टिक सोड्याचे द्रावण जोराने फिरवतात, मग विसळून आम्ल फिरवतात, कारण कॅल्शियमचा थर अल्कलीने जात नाही. वाफ किंवा उकळते पाणी येते ते सगळ्यात शेवटी, नळी स्वच्छ झाल्यावर, जंतूंसाठी. दुधाचा एकही थेंब मागे राहिला तर सारा माल नासण्याची भीती ज्या धंद्यात आहे, त्या धंद्यानेच वाफेवर धुण्याची भिस्त ठेवलेली नाही.

आता हळदीकडे वळू. सांगलीत बसून हळद वगळता येणार नाही. २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीने प्लॅस्टिकचे डबे आणि मेलामाइनच्या ताटल्या पिवळ्या केल्या, तर ते डाग निघावेत अशी अपेक्षा यंत्राकडून सगळेच करतात. वाफेने हे होईल का, याचे उत्तर शेतावरच मिळते. काढणीनंतर ओली हळद शिजवावी लागते. पूर्वी ती काहिलीत उकळत. आता ठिकठिकाणी बॉयलरची वाफ पिंपांत सोडून शिजवतात. जाळावरच्या टाकीतून नळीने येणारी वाफ हळकुंडांच्या ढिगात घुसते, त्यांतला स्टार्च शिजतो, वास बदलतो, पुढे वाळायला ती सोपी जातात. आणि रंग कायम राहतो, किंबहुना सगळीकडे सारखा पसरतो. हळदीचा रंग म्हणजे कर्क्यूमिन. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळते. म्हणून तर फोडणीच्या तेलाबरोबर ते प्लॅस्टिकमध्ये शिरते. पिंपभर वाफेने जे हळकुंडातून हलले नाही ते डब्याच्या प्लॅस्टिकमधून फुलपात्रभर वाफेने हलेल, ही आशा व्यर्थ आहे. कर्क्यूमिनचे वैरी दोन: तीव्र अल्कली आणि ऊन. पहिले यंत्राच्या पावडरीत थोडेबहुत असते. दुसरे गच्चीवर फुकट मिळते. पिवळा डबा धुवून दोन-तीन दिवस उन्हात ठेवला की तो फिका पडतो, हे बहुतेक घरांना माहीत आहे.

कढईचीही गोष्ट अशीच दोन थरांची आहे. वरचा ओशट थर म्हणजे तेल. शेंगदाण्याचे तेल थंडीतही पातळच असते, तूप आणि वनस्पती तूप चाळीस अंशांच्या आत वितळतात. म्हणजे त्यांना शंभर अंशांची गरजच नाही. पातळ झालेले तेल भांड्यावरून उचलून पाण्यात तरंगत ठेवणे हे पावडरीचे काम, वाफेचे नव्हे. उरतो तो कढईच्या कडेचा काळसर-तपकिरी, टणक थर. तो तेल राहिलेलाच नसतो. पुन्हा पुन्हा तापून तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि वार्निशासारखा पापुद्रा तयार होतो. या पापुद्र्यावर पाणी, गरम पाणी, वाफ यांपैकी कशाचाही फारसा परिणाम नाही. त्याला एक तर तीव्र अल्कली हवे किंवा तारेची घासणी. तीव्र अल्कली म्हणाल तर जर्मनच्या आणि हिंडालियमच्या कढया त्यातच काळ्या पडतात. त्या यंत्रात घालू नयेत असे सूचनापुस्तिकेतच लिहिलेले असते. कल्हईची पितळी भांडी आणि बिडाचा तवाही त्याच यादीत. वाफेची जाहिरात ज्या कढयांकडे बोट दाखवते, त्यांपैकी बऱ्याच कढया यंत्रात जाण्याजोग्याच नसतात, हे त्या जाहिरातीत येत नाही.

‘पण आम्ही वापरून पाहिले आहे आणि वाफेच्या प्रोग्रॅमवर भांडी जास्त स्वच्छ निघतात,’ असे सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि ते खोटे बोलत नसतात. त्यांच्या अनुभवावर माझा आक्षेप नाही, त्याचे श्रेय वाफेला देण्यावर आहे. बहुतेक यंत्रांत वाफेचा पर्याय निवडला की एकूण वेळ वाढतो. जड भांड्यांच्या प्रोग्रॅमला जोडून तो वापरला तर पाण्याचे तापमानही वरचे असते. चार वाटेकऱ्यांपैकी दोन एकाच वेळी बदलले आणि निकाल सुधारला, तर तो नेमका कुणामुळे? हे ठरवायचे तर त्याच भांड्यांवर, त्याच पाण्यात, तितकीच पावडर घालून, तितकाच वेळ आणि तितक्याच तापमानाला यंत्र दोनदा चालवले पाहिजे, एकदा वाफेसह आणि एकदा वाफेविना. घरी हे होत नाही आणि दुकानात तर नाहीच. आंतरराष्ट्रीय प्रमाणित चाचणी आहे, आयईसी ६०४३६ नावाची. तिच्यात दूध, चहा, खिमा, अंड्याचा बलक, ओट्सची लापशी, पालक आणि मार्गारिन भांड्यांना लावून वाळवतात आणि एका संदर्भ-यंत्राशी तुलना करून गुण देतात. ही चाचणी काटेकोर आहे, पण ती संपूर्ण प्रोग्रॅमला गुण देते; त्यात वाफेचा वाटा किती, हे ती वेगळे काढत नाही. आणि तिच्या खरकट्यात आपले ताट कुठे दिसते? कांदा-लसूण मसाल्याचा कट नाही, फोडणीत करपलेली मोहरी नाही, पिठल्याची खरड नाही, हळद तर नाहीच. यंत्राला युरोपात मिळालेले गुण कुपवाडच्या स्वयंपाकघरात जसेच्या तसे लागू होतील असे धरून चालणे धाडसाचे आहे. यावर कुणी म्हणेल की पुरावा नसणे म्हणजे वाफ निरुपयोगी असणे नव्हे. बरोबर. पण जास्तीची किंमत मागणाऱ्यानेच पुरावा द्यायचा असतो.

दुसरा आक्षेप जंतूंचा, आणि मिरजेजवळ राहणाऱ्याला तो पटण्याजोगा वाटेल. विल्यम वॉन्लेस यांचे मिशन हॉस्पिटल १८९४ साली मिरजेत उभे राहिले, तेव्हापासून हे गाव दवाखान्यांचे गाव आहे, आणि शस्त्रक्रियेची हत्यारे वाफेने निर्जंतुक करतात हे इथे शाळकरी पोरालाही माहीत असते. तीच वाफ ताटाला मिळाली तर वाईट काय? दोन गोष्टी विसरल्या जातात. ऑटोक्लेव्हमधली, म्हणजे हत्यारे निर्जंतुक करण्याच्या यंत्रातली, वाफ दाबाखाली १२१ अंशांवर असते, ती सोडण्याआधी किंवा सोडताना आतली हवा काढून टाकावी लागते, आणि हे तापमान पंधरा मिनिटे टिकवावे लागते. डिशवॉशरचा दरवाजा असला दाब पेलणारा नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे: हत्यारे आधी घासून धुतात आणि नंतरच ऑटोक्लेव्हमध्ये घालतात. रक्त सुकलेल्या हत्याराला वाफ दिली तर ते रक्त भाजून पक्के होते आणि त्याच्या आडोशाला जंतू वाचू शकतात. वाफेवर पूर्ण विसंबणाऱ्या क्षेत्रातही वाफ धुण्याचे काम करत नाही, धुतलेल्यावर शिक्कामोर्तब करते. घरच्या ताटाला इतक्या शिक्कामोर्तबाची गरजही नाही. घरगुती यंत्रांसाठी अमेरिकेत जे निर्जंतुकीकरणाचे मानक आहे, त्यात शेवटची विसळणी किमान ६५.६ अंशांची हवी आणि ९९.९९९ टक्के जंतू कमी व्हावेत असे म्हटले आहे. हे गरम पाण्याने साधते. घरात आजारी माणूस किंवा तान्हे मूल असेल तर सत्तर अंशांचा प्रोग्रॅम लावावा. त्यासाठी वाफेचे मॉडेल लागत नाही.

वाफेने भांड्यावर पाण्याचे डाग कमी राहतात, हा तिसरा दावा. यात तथ्य आहे, निदान काचेच्या भांड्यांपुरते. वाफेतून निवलेले पाणी क्षारविरहित असते, आणि शेवटच्या विसळणीनंतर त्याचा हलका थर काचेवर फिरला तर क्षारांचे थेंब पुसट होतात. पण क्षार मुळात आले कुठून? महापालिकेचे नळाचे पाणी नदीचे, ते त्यातल्या त्यात बरे. पण कुपवाडसारख्या वाढत्या उपनगरात अनेक सोसायट्यांची भिस्त बोअरवर असते, निदान उन्हाळ्यात. काळ्या पाषाणातून उपसलेले हे पाणी बहुधा जड. साबणाला फेस येत नाही, डाळ शिजायला वेळ लागतो, बादलीला पांढरा थर धरतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. जड पाण्यात पावडरीचा बराचसा भाग क्षारांशी झगडण्यात खर्ची पडतो, खरकट्यापर्यंत पोचतच नाही. डिशवॉशरमध्ये पाणी मऊ करणारा सॉफ्टनर असतो. त्यात खास जाडे मीठ भरायचे असते (घरातले आयोडीनचे बारीक मीठ नव्हे) आणि पाण्याच्या कठीणपणाप्रमाणे आकडा लावायचा असतो. हा आकडा न बदलता कारखान्यातून आला तसाच ठेवला, मीठ संपल्याचा दिवा लागला तरी दुर्लक्ष केले, तर भांडी पांढुरकी निघतात आणि दोष यंत्राला लागतो. अशा घरात वाफ म्हणजे नवी डोकेदुखी. वाफेच्या पेटीत पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. लिटरला ६०० मिलिग्रॅमचे न मऊ केलेले पाणी रोज सव्वाशे ग्रॅम उकळले, तर वर्षाला सुमारे २७ ग्रॅम चुन्याचा दगड त्या पेटीत साचू शकतो. साखर कारखान्यातल्या माणसाला हे सांगायला नको. रस आटवणाऱ्या पात्राच्या (‘बॉडी’च्या) नळ्यांत धरलेला थर गाळप थांबवून कॉस्टिक उकळून आणि ब्रश फिरवून काढावा लागतो. नळ्यांच्या दुसऱ्या अंगाला वाफ असते, तिने तो थर सुटत नाही.

शेवटचा आक्षेप श्रमांचा आहे आणि तो मला सगळ्यात गंभीर वाटतो. यंत्रात घालण्याआधी भांडी अर्धी हाताने घासायची असतील तर यंत्र कशाला, आणि वाफेने ते घासणे वाचत असेल तर तिला नावे का ठेवा? घरातल्या ज्या व्यक्तीच्या वाट्याला हे घासणे येते, ती बहुधा बाईच असते, तेव्हा हा प्रश्न टाळणे अन्यायाचे होईल. पण आधी घासण्याची ही सवयच मुळात अनाठायी आहे. पावडरीतली एन्झाइम्स पिष्ट आणि प्रथिने तोडण्यासाठीच असतात. ती पन्नास-साठ अंशांच्या दरम्यान जोमाने काम करतात. खरकटे चमच्याने किंवा हाताने कचऱ्यात निपटायचे, काटे-हाडे-कढीपत्ता काढायचा आणि भांडे तसेच आत ठेवायचे, एवढे पुरे. भांड्यांची तोंडे खाली आणि फवाऱ्याकडे तिरकी असावीत, परातीने फिरता हात अडवू नये, वाट्या एकमेकींत बसू नयेत. हे शिकायला आठवडा लागतो आणि याने होणारा फरक ताटात दिसतो. पाण्याचा दाबही बघावा. साधारण ०.५ बार दाब लागतो, म्हणजे टाकी नळापासून पाच मीटर उंच हवी. वरच्या मजल्यावर, टाकीच्या अगदी खाली राहणाऱ्या घरात तो मिळत नाही. तिथे छोटा प्रेशर पंप बसवावा लागतो. आधी घासण्याचे श्रम वाचवायचे असतील तर या गोष्टी वाचवतात. करपलेले भांडे असेल तर त्याला दोन्ही यंत्रांनंतर घासणी लागतेच, वाफेच्याही आणि बिनवाफेच्याही.

वाफेला अगदीच कवडीमोल ठरवण्याची गरज नाही. दिवसभर वाळलेला भात लवकर भिजवणे, शेवटी काचेला चकाकी आणणे एवढ्यापुरती ती उपयोगी आहे, आणि दोन यंत्रांची किंमत सारखीच असेल तर वाफेचे घ्यायलाही हरकत नाही. कंपन्यांना एकच विनंती करावीशी वाटते: वाफ चालू आणि वाफ बंद, बाकी सारे समान, अशा चाचणीचे आकडे आपल्या खरकट्यावर, भात, पिठले, कट आणि दुधाच्या पातेल्यावर काढून जाहीर करावेत. ग्राहकाने दुकानात जाण्याआधी बोअरच्या पाण्याचा कठीणपणा तपासून घ्यावा. ते काम कुठल्याही पाणी-चाचणी प्रयोगशाळेत होते. आणि वाफेसाठी जे काही हजार रुपये जास्तीचे पडणार असतील ते वर्षभराच्या मिठावर, चांगल्या पावडरीवर आणि गरज असेल तर प्रेशर पंपावर खर्च करावेत.